लांडग्याचा शर्ट कोण शिवतो

गोष्टीत काही पटलं नाही की मावशी मशीनच्या चाकावर तळहात ठेवायची. धावती सुई कापडात अर्धवट थांबायची आणि मावशी चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत विचारायची, "तिला विचारलं का?"

"कुणाला?"

"त्या पोरीला गो. तो लांडगा म्हणतो ही माझी. नशिबानं ठरवलीय म्हणतो. बरं. पण तिला कुणी विचारलं का?"

मी फोनवर मागची पानं सरकवून बघायचे. कुणी विचारलेलं नसायचं. मी तसं सांगायचे, जरा ओशाळून, जणू पुस्तक मीच लिहिलंय. मावशी मान हलवायची, चाक सोडायची आणि टीप पुन्हा सुरू व्हायची.

या पुस्तकांना इंग्रजीत पॅरानॉर्मल रोमान्स म्हणतात. त्यातला नायक देखणा असतो, फक्त पुरता माणूस नसतो. पौर्णिमेला लांडगा होतो, किंवा शेकडो वर्षं रक्त पिऊन जगत असतो, किंवा थेट नरकातून आलेला असतो. नायिका आपल्यासारखी, भाड्याच्या खोलीत राहणारी, आणि ती त्याच्या प्रेमात पडते. भुतंखेतं मोठ्या शहराच्या ट्रॅफिकमध्ये फिरत असतील आणि नायिका त्यांच्या भानगडी निस्तरत असेल, तर ती अर्बन फँटसी. मी शाळेपासून दोन्ही वाचत आलेय आणि ही गोष्ट कुणाला सांगत नाही. एमआयडीसीतल्या ज्या कंपनीत मी डिस्पॅचच्या नोंदी करते, तिथे मला 'शांत मुलगी' म्हणतात. शांत मुलीच्या फोनमध्ये काय आहे, हे कुणी विचारत नाही. ते मला सोयीचं आहे.

मावशीने विचारलं. ती नात्याची नव्हे, सगळ्या गल्लीची मावशी; महाडच्या आमच्या गल्लीत तिचं लेडीज टेलरिंगचं दुकान होतं. एक शटर, एक ओटा, एक पायमशीन आणि भिंतीवर पुराच्या पाण्याने मागे ठेवलेली पिवळट रेघ. त्या रेघेच्या वरच सगळे हँगर टांगलेले असत, आणि आषाढ लागला की मशीनसुद्धा माळ्यावर चढत असे. कुडत्याची बाही घट्ट झाली म्हणून मी एका संध्याकाळी तिथे बसले होते आणि फोनमध्ये बघून हसले असेन.

"काय वाचतेस गो? एकटीच हसतेस."

"पुस्तक आहे. इंग्लिश."

"कशाचं?"

खोटं सांगायला वेळ मिळाला नाही. "एक माणूस असतो. पौर्णिमेला त्याचा लांडगा होतो."

मला वाटलं, आता ती हसेल किंवा देवाचं नाव घेईल. तिने टेप गळ्यातून काढून मांडीवर ठेवली. "होतो म्हणजे कसा? कपडे काढून होतो, की अंगावर असताना?"

"अंगावर असताना. शर्ट फाटतो. टर्रकन. सगळ्याच पुस्तकांत फाटतो."

"दर पौर्णिमेला?"

"हो."

मावशीचा चेहरा तेव्हा जसा झाला, तसा तो नंतर कुठल्याही खुनाच्या प्रसंगाला झाला नाही. "मग शिवतं कोण त्याचे शर्ट? पौर्णिमा कधी हाय ते कॅलेंडरात लिहिलेलं असतं. आधी बटणं सोडून ठेवायला काय होतं मेल्याला?"

अशी ही सुरुवात. त्यानंतर मी पाच-साडेपाचला कंपनीच्या बसमधून उतरले की घरी न जाता तिच्या ओट्यावर बसू लागले. मी इंग्रजीत वाचायचे आणि मराठीत सांगायचे. माझं मराठी घरचं, पुस्तकी शब्दांना अडखळणारं. पण मावशीला शब्द अडले नाहीत. 'इमॉर्टल'ला मी 'अमर' म्हटलं की ती म्हणायची, "म्हणजे म्हातारा. सरळ म्हातारा म्हण."

तुम्हीही असे वाचक पाहिले असतील, जे पुस्तक हातात न धरता त्याची साल काढतात. मी पाहिलेली ती एकच. या पुस्तकांवर इंटरनेटवर लोक लांबलचक अभिप्राय लिहितात, तारे देतात. मावशीची मतं त्यांहून छोटी असत आणि एकदा ऐकली की पुस्तक पुन्हा पहिल्यासारखं वाचता येत नसे.

रक्त पिणाऱ्यांबद्दल तिचा आक्षेप स्वयंपाकाचा होता. "तीनशे वर्षं जगला आणि एक भाजी करता येत नाय? त्या पोरीला रोज बाहेरचंच खायला घालतो." आरशात त्याचं रूप दिसत नाही हे कळल्यावर मात्र ती हळहळली. "अरेरे. मग ट्रायल कशी बघायची त्यानं? कोट पाठीवर चढतोय की नाय, दुसऱ्याच्या भरवशावर."

नायिका हातात दिवा न घेता पडक्या घरात शिरली, की मावशी पुढचं ऐकायलाच तयार नसे. सगळ्यात जास्त आवडलं ते एका अर्बन फँटसीतलं नगरपालिकेचं खातं. तिथली नायिका भुतांना राहण्याचे परवाने देते आणि परवाना संपला की नोटीस लावते. "हे खरं वाटतं," मावशी म्हणाली. "आमच्या वाडीच्या शिवेवर राखणदार हाय. वर्षातनं एकदा त्याला नारळ नि कोंबडा मिळतो. त्या बदल्यात तो शीव राखतो, रानात चुकलेल्याला वाटेला लावतो. आमच्याकडच्यांना कामं असतात गो. प्रेमात पडायला सवड कुठाय?"

हळूहळू गिऱ्हाइकंही बसू लागली. ब्लाउज न्यायला आलेली बाई अर्धा तास थांबून ब्लाउज विसरून जायची. एकीने मला भाजी बाजारात गाठून विचारलं होतं, "तो नरकातला परत आला का गो?" बाजारात, चारचौघांत. मी हो म्हणाले आणि मिरच्या घेऊन पळाले.

काही पानं मी गाळायचे. का, ते तुम्हाला कळेल. नायक दार लावून घेतो, तिथून मी थेट सकाळच्या चहावर यायचे. मावशीचा तळहात तेव्हाही चाकावर यायचा.

"हितं कायतरी गाळलंस."

"नाही गं."

"रात्रीच्या पावसात दार लावलं आणि लगेच चहा? मधी काय केलं, हरिपाठ?"

ओट्यावरच्या बायका तोंडाला पदर लावायच्या. माझे कान तापायचे. एकदा दुकानात आम्ही दोघीच असताना ती हळूच म्हणाली, "सांगत जा गो. मी पण दोन वर्षं संसार केलाय. बरा केलाय." मग तिने खाली वाकून दोरा ओवला, पहिल्याच खेपेला. नवरा लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तापाने गेला, त्यानंतर ती पोलादपूरकडच्या वाडीतून महाडला शिवण शिकायला आली, हे मला आईकडून माहीत होतं. तिच्या तोंडून त्या संसाराबद्दल ऐकलेलं हे एवढंच. त्या दिवसापासून मी कमी गाळू लागले.

आता एका काकांकडे यायला हवं.

हिरकणीवाडीत, रायगडाच्या पायथ्याला, रोपवेच्या रस्त्यावर त्यांची जेवणाची टपरी होती. पिठलं-भाकरी, ताक, सीझनला करवंदं. बायको गेलेली, मुलगी लग्न होऊन मुंबईला. टपरीचे पडदे शिवायला म्हणून ते पहिल्यांदा आले. पडदे झाले, नेले. मग दर आठवड्याला, बाजाराच्या दिवशी, एक कापडी पिशवी घेऊन येऊ लागले. पिशवीचा बंद तुटलेला असायचा. लेडीज टेलरकडे पुरुषाने दर आठवड्याला पिशवी आणायची, हे आमच्या गल्लीत कुणाच्या नजरेतून सुटणार? मी बंद नीट बघितला होता. तो कधीच उसवलेला नसे. कापलेला असे, सरळ, विळीने कापावा तसा.

मावशीला ते कळत होतं. ती बंद लावून द्यायची आणि दुहेरी टीप घालायची. पुढच्या आठवड्याला दुहेरी टिपेच्या बाजूला कापलेलं असायचं. काका स्टुलावर बसायचे, "यंदा गर्दी बरी हाय" किंवा "यंदा गर्दी नाय" एवढं बोलायचे, आणि जायचे.

"बघतो नुसता," मावशी ते गेल्यावर म्हणायची. मी वाचत असलेल्या नायकाबद्दल म्हणतेय असं भासवायची. "एवढा तीनशे वर्षांचा, आणि तोंड उघडत नाय."

ती वाट बघत होती. आम्हाला दिसत होतं, ओट्यावरच्या सगळ्यांना. बाजाराच्या दिवशी ती मोगऱ्याच्या दोन कळ्या अंबाड्यात खोचायची आणि कुणी बघितलं तर म्हणायची, उगाच घेतल्या, स्वस्त होत्या.

आणि मग एका सकाळी तिचा थोरला भाऊ वाडीवरून आला. रविवार होता, म्हणून मी तिथेच होते. पहिल्या एसटीने आला असावा. चपलांना लाल माती, हातात पेढ्यांचा पुडा आणि पानात गुंडाळलेली फुलं. त्याने मशीनच्या फळीवर सगळं मांडलं आणि खुशीत सांगितलं, "देवीनं उजवा दिला."

"कशाचा उजवा?"

"तुझ्या लग्नाचा गो."

आमच्याकडे कुठलंही मोठं काम करण्याआधी गावदेवीला कौल लावतात. गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना पाण्याने फुलाच्या पाकळ्या चिकटवतो, प्रश्न बोलून दाखवतो आणि सगळे वाट बघतात. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. झालं होतं असं, की हिरकणीवाडीचे काका रीतीप्रमाणे थेट भावाकडे गेले होते. भावाला माणूस आवडला. मग दोघांनी गुरवाला गाठलं, कौल लावला, उजवी पडली, आणि गुरवाने तिथीसुद्धा सुचवली.

मावशीने चाकावर हात ठेवला. मशीन चालू नव्हती, तरी ठेवला.

"देवीला इचारलंत."

"व्हय की."

"गुरवाला. त्यांना. मी कुठं होते?"

"तू कुठं जातेस? हितंच हायेस की," भाऊ म्हणाला. त्याला खरंच कळत नव्हतं. पेढ्याचा पुडा सोडत त्याने विचारलं, "तुला नको हाय का तो?"

मावशीने मान वळवली. माझ्याकडे बघितलं नाही, पण मला दिसेल अशा ठिकाणी तिचा चेहरा आला. हवा होता. तो इतका हवा होता की तिचे डोळे भरले, आणि त्याच डोळ्यांनी ती भावाला म्हणाली, "देवीनं हो म्हटलंय ना? मग तिलाच घेऊन जावा." लगेच तिने दोन्ही कानांना हात लावले आणि फुलांना नमस्कार केला. "चुकले गो आई. पण माझं मला कुणीतरी इचारा."

भाऊ चहा न घेता गेला. पेढे राहिले. आम्ही कुणी खाल्ले नाहीत.

काका दोन बाजारांना आले नाहीत. भावाने त्यांना काय निरोप दिला असेल, कोण जाणे. मावशी मशीन चालवायची, पण गोष्ट सांगितली तर मधे अडवायची नाही. लांडग्याचे दोन शर्ट फाटले, ती काही बोलली नाही. नायिकेने अंधारात जिना उतरला, तरी नाही. मला पुस्तक वाचवेना.

दिवाळीच्या सुट्टीत मुंबईहून माझी चुलत भावंडं आली आणि रोपवेला जायचं ठरलं. मी मावशीला सांगितलं. तिने काज करता करता म्हटलं, "टपरीवर गेलीस तर काय बोलू नकोस हां."

"नाही बोलणार."

थोड्या वेळाने, "जेव, पैसे दे, ये. माझा विषय काढायचा नाय."

"नाही गं काढत."

मी निघाले तर मागून हाक आली. "बोलू नकोस म्हटलं मी. ध्यानात हाय ना?"

तिसऱ्यांदा ऐकल्यावर मला कळलं, की बोलायचं आहे.

मी अनोळखी माणसांशी बोलत नाही. दुकानात सुट्टे परत मागायलाही मला दोनदा घसा साफ करावा लागतो. टपरीवर भावंडांनी पिठलं-भाकरी खाल्ली, गडाचे फोटो एकमेकांना दाखवले, मी ताकाचा ग्लास धरून बसले. काकांनी मला ओळखलं होतं. ग्लास न सांगता पुन्हा भरला. भावंडं हात धुवायला मागे गेली, तेव्हा मी उठून चुलीपाशी गेले.

"मावशीला अजून कुणी विचारलेलं नाही," मी म्हणाले.

काकांच्या हातात पळी होती. "देवीनं उजवा दिलाय."

"देवीने दिलाय. मावशीला विचारलेलं नाही."

त्यांनी पळी पातेल्यात ठेवली, पुन्हा उचलली. "बायमाणसाला तोंडावर कसं विचारायचं? ते बरं दिसतं का?"

"तिला बरं दिसेल," मी म्हणाले. आणि भावंडं यायच्या आत रस्त्यावर जाऊन उभी राहिले. मला हसू येत होतं.

ते बाजाराच्या दिवशी आले नाहीत. मधल्याच एका वारी आले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, हातात पिशवी नव्हती. ओट्यावर मी होते आणि भाच्याच्या बारशाला जाणाऱ्या दोघी बहिणी होत्या, ज्यांचे ब्लाउज त्याच संध्याकाळी हवे होते. मावशीने वर बघितलं आणि मशीन चालूच ठेवली.

"मला विचारायचं होतं," काका म्हणाले.

"विचारा."

काकांनी त्या दोघी बहिणींकडे बघितलं.

"त्या कुठं जात नाहीत," मावशी म्हणाली. "ब्लाउज व्हायचेत त्यांचे."

काकांनी शर्टाची वरची गुंडी चाचपली. "तुम्ही येणार का आमच्याकडं?"

"कुठं?"

"वाडीत."

"कशाला?"

धाकट्या बहिणीने तोंडात रुमाल घातला. काका लाल झाले. "राहायला. म्हणजे, लग्न करून."

मशीन थांबली. मावशीने पाय खाली घेतले. "माझी मशीन हाय. ती कुठं ठेवायची?"

"पुढच्या खोलीत. पूर्वेची खिडकी मोठी केलीय. गवंडी बोलावला होता."

"मला विचारायच्या आधीच?"

काकांनी विचार केला. घाईघाईने उत्तर देणारा माणूस तो नव्हता. "मशीन नाय आली तरी उजेड येईल," ते म्हणाले. "तुम्ही नाय म्हणालात तरी खिडकी वाईट नाय."

गल्लीतून एक रिक्षा गेली. मी फोन उलटा करून मांडीवर ठेवला होता. इतकी पुस्तकं वाचलीत मी. कुणी दरवाजे तोडून आत येतं, कुणी राज्य सोडतं, कुणी सावली विकतं. खिडकी मोठी करून ठेवणारा नायक मला पहिल्यांदाच दिसत होता.

"ब्लाउज संपवून सांगते," मावशी म्हणाली.

काका स्टुलावर बसले. मावशीने दुसऱ्या बाहीचं अस्तर जोडलं. मग पट्टी. मग हुक. प्रत्येक हुक तिने इतक्या सावकाश लावला, की मोठ्या बहिणीच्यानेच राहवेना. "मावशे, आम्ही असेच घालू गं, बिनहुकाचे. तू बोल."

"गप. घाईत लावलेला हुक बारशात सुटतो."

शेवटी तिने दोरा दाताने तोडला, दोन्ही ब्लाउज घडी करून पिशवीत घातले, पिशवी बहिणींच्या हातात दिली. मग चष्मा काढून पदराने पुसला आणि काकांकडे बघून म्हणाली, "येते."

काका मान डोलावून उठले आणि उंबऱ्याला ठेचकाळून बाहेर गेले. गल्लीच्या टोकाला जाऊन थांबले, परत आले आणि विचारलं, "कधी?" तोपर्यंत आम्ही चौघी इतक्या हसत होतो, की कुणालाच उत्तर देता येईना.

लग्न मावशीच्या वाडीच्या देवळात झालं, माघात. भावाने त्या पेढ्यांची भरपाई केली, सगळ्या वाडीला जेवण घातलं. गुरव सगळ्यांना सांगत होता की त्याने हे आधीच सांगितलं होतं. मशीन टेम्पोतून हिरकणीवाडीला गेली. मावशी टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी बसली होती, वळणावर मशीन कशी धरायची ते मागच्या पोरांना खिडकीतून ओरडून सांगत.

दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. संध्याकाळी बसमधून उतरले की माझे पाय अजून तिकडे वळतात. शटर उघडं असतं, आत गाणी लागलेली असतात, मशीनचा आवाज नसतो. ओट्यावर बसायला कुणी मज्जाव केलेला नाही, पण बसून करायचं काय? बहिणींपैकी धाकटी भेटली की आम्ही दोघी थोडं थांबतो, त्या शटरकडे बघतो आणि निघतो.

मी व्हॉइस मेसेज करते. एका वेळी एक प्रकरण, आता काही न गाळता, गच्चीवर टाकीच्या आडोशाला उभी राहून, कारण घरात ऐकू जाईल. हिरकणीवाडीत रेंज येते आणि जाते. माझे मेसेज कधी दुसऱ्या दिवशी पोहोचतात आणि मावशीची मतं तुकड्या-तुकड्यांनी येतात.

परवा मी एका पाण्यातल्या भुताची गोष्ट सांगितली. जुन्या पुलाखाली राहतं, आणि पुलावरून रोज कामाला जाणारी एक नर्स त्याला आवडते. तो तिला नदीत राहायला ये म्हणतो. तिथे प्रकरण संपलं, मी मेसेज पाठवला आणि झोपले.

आज सकाळी उत्तर आलेलं होतं. मी बसमध्ये कानाला लावून ऐकलं. आधी वारा, मग भांड्यांचा आवाज, कुणीतरी पर्यटक दोन प्लेट सांगतोय. मावशीचा आवाज आलाच नाही. मग लांबून तिचं, "बोला की, ते लाल बटण दाबलंय मी," आणि मग फोनच्या अगदी जवळ, घसा दोनदा साफ करून, काकांचा आवाज.

"मग ती नर्सबाई काय म्हणाली?"

बस एमआयडीसीच्या वळणावर होती. मी तोवर पुढचं वाचलंच नव्हतं. बाजूच्या सीटवरची मुलगी बघत होती, तरी मी पुस्तक उघडलं आणि घाईघाईने ते पान शोधू लागले.